सत्तावीस भागिले चार

माझ्या सासूच्या दुधात पाणी असतं, हे गावाला मी सांगितलं. तोंडाने नव्हे, तोंडाने सांगायची माझी काय बिशाद. मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरने सांगितलं, छापील चिठ्ठीवर तारीख-वेळ घालून, लागोपाठ तीन सकाळी. सासूवर सूड उगवायचे नाना प्रकार बायकांनी आजवर शोधून काढले असतील, पण भागाकार करून सूड उगवणारी सून बहुधा मी पहिलीच. आणि मला तर सूड उगवायचाही नव्हता.

राजारामपुरीत एका बेकरीच्या वर आमची सात माणसांची कंपनी आहे. दिवसभर खालून खारीचा वास येतो आणि वर आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. कोल्हापुरात हे ओघानंच आलं. ज्या गावात गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात आणि गिऱ्हाईक तिथंच उभ्याने पेला रिकामा करून ओठ पुसतं, तिथे कधी ना कधी संगणकानेही दुधात हात घालायचाच होता. आमच्या साहेबांनी माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं, ‘माणूस चुकेल, संगणक चुकणार नाही.’ हे वाक्य त्यांना मीच लिहून दिलं होतं. आताच कबूल केलेलं बरं, पुढे आणखी बरंच कबूल करायचं आहे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. संगणकात आकडा नुसता आकडा म्हणून येऊ शकत नाही, आधी त्याची जात सांगावी लागते. हा पूर्णांक, हा दशांशवाला. आपल्याकडे जात विचारल्याशिवाय भाड्याने खोली मिळत नाही, तिथे जात सांगितल्याशिवाय आकड्याला जागा मिळत नाही. फरक इतकाच, की संगणक उघडपणे विचारतो. पूर्णांकाच्या घरात अपूर्णांकाला प्रवेश नाही. पावणेसात दाराशी आले तर सहा आत जातात आणि पाऊण उंबऱ्याबाहेर राहतात. बरं, सातच्या इतके जवळ आलेत तर सात तरी म्हणावं? तेवढंही सौजन्य नाही. आणि दोन पूर्णांकांचा भागाकार केला, तर उत्तरही पूर्णांकच, उरलेलं गटारात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न हमखास यायचा. सत्तावीस भागिले चार किती? चौथीतलं पोर पावणेसात म्हणेल. आम्ही चार वर्षांची फी भरलेली माणसं, आम्ही सहा म्हणायचो आणि पूर्ण मार्क घ्यायचो. माझी त्या प्रश्नात एकदाही चूक झाली नाही. चूक व्हायची होती ती सगळी मी गावासाठी राखून ठेवली होती.

गाव म्हणजे माझं सासर, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचं. नवरा आणि मी नोकरीपायी कोल्हापुरात राहतो, शनिवार-रविवार गावी जातो. गावी सासू एकटी, दोन म्हशींना धरून. तिचं माहेर पार कर्नाटकच्या हद्दीला लागून, तिकडे सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही आत्ती म्हणते. आत्तीला कौतुक करता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी भाकरी केली तेव्हा ती उलटसुलट करून म्हणाली, “गोल न्हाय, पर भाजलीय.” पुढे कळलं, की ते तिचं कौतुकच होतं.

तिचा सगळा जीव दुधात. एक म्हैस साधीसुधी आहे, दुसरीचं दूध मात्र असं जाड, की तापवल्यावर त्यावरच्या सायीवर वाटी ठेवावी. आत्ती दोन्हींचं दूध एका किटलीत भरून रोज सकाळी संस्थेत नेते. संस्थेच्या दाराशी एक काळा फळा आहे. ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव त्या सकाळी खडूने ‘पाणी’ या शब्दाखाली लिहायचं, ही तिथली जुनी रीत. ग्रामपंचायतीच्या नोटिसा कोणी वाचत नाही, पण हा फळा वाचल्याशिवाय गावात चहा घशाखाली उतरत नाही. लागोपाठ तीन दिवस नाव लागलं, की माणूस पाणीवाला ठरला. मग त्याच्या घरचं ताकसुद्धा लोक उजेडात धरून बघतात.

आणखी एक रीत आहे. दर रविवारी गल्लीतले एक आबा गडूभर दूध घेऊन डोंगर चढतात आणि देवाला घालतात. ते दूध कुणाच्याही घरचं चालत नाही. जिचं नाव फळ्यावर कधीच लागलं नाही तिच्याच घरचा गडू भरायचा. अकरा वर्षं तो आत्तीच्या घरून भरत होता. रविवारी आबा दारात येऊन “गडू” एवढंच म्हणायचे, आत्तीही काही न बोलता दूध ओतायची, पण त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. तिला मानपान, सत्कार, हारतुरे काही ठाऊक नव्हतं. तिच्या सगळ्या अब्रूचं माप म्हणजे तो गडू.

तर अशा संस्थेत आमचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं. माझं सासरच असल्यामुळे साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. माहिती घ्यायला मी सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे संस्थेचा सगळा कारभार. दुधात काचेची नळी सोडायची, ती किती बुडते त्यावरून आकडा वाचायचा. या आकड्याला गावात डिग्री म्हणतात, आणि माझ्या डिग्रीपेक्षा तिला मान जास्त आहे. फॅट मशीन सांगतं. मग डिग्री भागिले चार, त्यात फॅटचा थोडा हिस्सा आणि एक ठरलेला बारीक आकडा मिळवायचा, की दुधातला ऐवज, म्हणजे पाणी आणि लोणी वगळून जे उरतं ते, कळतो. तो साडेआठच्या खाली गेला, की पाणी. सेक्रेटरी इतकी वर्षं हे भिंतीवरच्या एका तक्त्यात बघत. उभ्या रांगेत डिग्री, आडव्या रांगेत फॅट, जिथे बोटं भेटतील तिथे उत्तर. तक्ता बोटांच्या डागांनी इतका मळला होता, की सत्तावीस-अठ्ठावीसच्या रांगा जवळजवळ चॉकलेटी दिसत होत्या.

मी वही काढून विचारलं, “डिग्री अर्धी वगैरे लागते का कधी? साडेसत्तावीस?”

सेक्रेटरी हसले. “वैनी, म्हस अर्धी धार देत न्हाय आन् मी अर्धी डिग्री लिव्हत न्हाय. सत्तावीस म्हंजे सत्तावीस. आमच्यात अर्धं-बिर्धं चालत न्हाय.”

हे उत्तर मला फार आवडलं. इतकी नेमकी माहिती देणारं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात दुर्मीळ. ऑफिसात येऊन मी डिग्रीच्या रकान्यावर ‘पूर्णांक’ असा शिक्का मारला आणि पुढच्या ओळीत तिला चारने भागलं. चारही पूर्णांकच. एका ओळीचं काम, मला अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग चाचणी. चाचणीसाठी साहेबांनी एक जुनी चिठ्ठी दिली होती, तिच्यावर डिग्री अठ्ठावीस. अठ्ठावीस भागिले चार सात, बाकी शून्य, उत्तर तक्त्याशी तंतोतंत. मी फॅटचे तीस निरनिराळे आकडे घालून बघितले आणि प्रत्येक वेळी डिग्री तीच ठेवली, अठ्ठावीस. अहवालात लिहिलं, ‘तीस चाचण्या, तीस यशस्वी.’ एकाच दगडाला तीसदा ठेच लागली नाही म्हणून रस्ता गुळगुळीत आहे असं लिहिण्यातला तो प्रकार. पण तेव्हा साहेबांनी शाबासकी दिली आणि खालून गरम खारी मागवली.

उद्घाटन एका सोमवारी झालं. चेअरमन आले, मंडळ आलं, सगळं गाव आलं. चेअरमन नारळ हातात घेऊन फोडायला काहीतरी कठीण शोधत होते, त्यांची नजर यूपीएसवर स्थिरावली तेव्हा मी घाईने दगड पुढे केला. कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं गेलं. त्यातली काही बटणं पुढे आठवडाभर अडकत होती. चेअरमन भाषणात म्हणाले, “आजपासनं या संस्थेत वशिला बंद. आता कंप्युटर सांगंल त्येच खरं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्ती बायकांत पुढे बसली होती. शेजारणीला कोपराने ढोसून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “आमच्या सुनंनं केलाय. सगळा. एकटीनं.” सात वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे दुसरं कौतुक. मी त्या संध्याकाळी तरंगतच कोल्हापूरला परतले.

मंगळवारी सकाळी फळ्यावर पाच नावं लागली आणि पाचांत एक आत्तीचं.

पाचच्या पाच नावं चुकीची असती तर गावाने संगणक उचलून विहिरीत टाकला असता आणि बरं झालं असतं. पण त्यातली दोन नावं पिढीजात पाणीवाल्यांची होती. त्यांना सॉफ्टवेअरने बरोबर धरलं. त्यामुळे लोक म्हणाले, यंत्र पक्कं आहे. मग उरलेल्या तीन बायका चोर ठरायला कितीसा वेळ लागणार? बुधवारी आत्तीचं नाव होतं, गुरुवारी होतं. शुक्रवारपासून तिने किटली संस्थेत नेलीच नाही. चेअरमनच्या घरचं दूध मात्र रोज बिनबोभाट पार होत होतं. त्यांच्या घरच्या तुपाची ख्याती पंचक्रोशीत आहे, आणि तूप काही आभाळातून पडत नाही, आधी दुधावरून साय काढावी लागते. साय काढलेल्या दुधाची डिग्री चढते. त्यांची लागायची बत्तीस. बत्तीस भागिले चार, पुरते आठ, एक कणही वाया नाही.

आत्तीने आम्हाला फोन केला नाही. शुक्रवारी नवऱ्याच्या चुलत भावाचा आला, तोही मला नाही, नवऱ्याला. नवरा फोन ठेवून म्हणाला, “आईचं नाव लागलंय. तीन दिवस. गावात म्हणतात, सुनंनं सासूचा काटा काढला.”

मला हसू आलं. खरंच आलं, लपवत नाही. आणि हसू ओसरल्यावर पहिला विचार जो आला तो असा नव्हता, की माझ्या कामात काही चुकलं असेल. मी तीस चाचण्या केल्या होत्या. पहिला विचार आला, की आत्तीचं वय झालंय, धार काढायची कासंडी विसळून तशीच ओली घेत असेल. शिकलेल्या माणसाचं असं असतं. त्याला दुसऱ्याचा दोष दिसायला पुरावा लागत नाही आणि स्वतःचा दिसायला तीन दिवस, पाच नावं आणि एक म्हैससुद्धा पुरत नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गावी गेलो. आत्ती गोठ्यात होती. मी तिथे गेले आणि शहरी गोडव्याने, जणू तब्येतीची चौकशी करावी तसं विचारलं, “आत्ती, कासंडी धुतल्यावर तळाशी थोडं पाणी राहत असेल का हो?”

ती धार काढत होती. हात थांबले नाहीत. धार संपवून ती उठली, दूध आत ठेवून आली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग म्हणाली, “जेवून घ्या. भाकऱ्या झाल्यात.”

तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. तिच्या तोंडात शिव्यांचा काही दुष्काळ नाही, हद्दीच्या दोन्हीकडच्या भाषांतल्या आहेत. पण त्या रात्री जेवताना ती एक शब्द बोलली नाही, आणि मी तिघांच्या वाटणीचं बोलत बसले.

पहाटे तिने मला हलवून उठवलं. “चल,” म्हणाली. गोठ्यात नेऊन तिने कासंडी घेतली, पदराने आतून पुसली, माझ्यासमोर उलटी धरली आणि तशीच धरून उभी राहिली. थेंब नव्हता. तरी ती धरूनच राहिली, माझी मान खाली जाईपर्यंत. मग धार काढली. दूध गाळून किटलीत ओतलं आणि किटली माझ्या हातात दिली. “तूच ने. मी हात लावत न्हाय.”

वाटेत आबा भेटले. हातात गडू होता, भरलेला, वर केळीचं पान बांधलेलं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरून भरून ते डोंगराकडे निघाले होते. आत्तीला बघून ते बिचारे वाटेच्या कडेला सरकले. आत्ती थांबली नाही. मी किटली दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्याकडे नीट बघितलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

संस्थेत रांग होती. आमचा नंबर आला. सेक्रेटरींनी नळी सोडली. “सत्तावीस.” फॅटच्या मशीनवर आठ पूर्णांक एक आलं. त्यांनी दोन्ही आकडे भरले आणि चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. ऐवज आठ पूर्णांक शून्य सहा. पाणी.

थेंबही पाणी नसलेली कासंडी मी बघितली होती, किटली मी वाहून आणली होती. माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या, एक चिठ्ठी आणि एक सासू, आणि खोटं बोलणारी त्यातली एकच होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, “तक्ता कुठाय?” तो त्यांनी कॅलेंडरमागे टांगून ठेवला होता. मी कॅलेंडर उचललं आणि सत्तावीसच्या चॉकलेटी रांगेतून बोट सरकवत गेले. आठ पूर्णांक आठ. साडेआठच्या कितीतरी वर. तक्ता आत्तीच्या बाजूने होता. गणित मी तळहातावर पेनने केलं. सत्तावीस भागिले चार, पावणेसात. आणि मग पहिल्या वर्षाची ती सगळी पानं डोळ्यांसमोर आली, सहा लिहून मिळवलेले पूर्ण मार्क आले.

जाड दूध हलकं असतं, लोणी तरंगतं तसं. त्यात नळी जास्त बुडते आणि डिग्री कमी लागते, पाणी घातल्यावर लागते तशीच. म्हणून तर फॅट धरून गणित करतात, जाड आणि पातळ यांत गल्लत होऊ नये म्हणून. त्या गणितातला पाऊण मी उंबऱ्याबाहेर ठेवला होता. अठ्ठावीस-बत्तीसवाल्यांचं काही गेलं नाही. एकोणतीस ते एकतीसवाल्यांचं थोडंफार गेलं, पण ते साडेआठच्या वर राहिले. सत्तावीसवाल्यांचा अख्खा पाऊण गेला आणि ते खाली घसरले. गावातलं सगळ्यात जाड दूध माझ्या एका ओळीने सगळ्यात पातळ ठरवलं होतं.

इथपर्यंत चूक होती. इथून पुढे जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “मॅडम, हे किती संस्थांत गेलंय?” मी म्हटलं, या आठवड्यात हेच सगळीकडे पाठवलंय, चाळीसएक. “मग बोलू नका. अपडेट आलंय म्हणा. अपडेट म्हटलं की लोक खूश होतात.” आमच्या धंद्यात चूक हा शब्दच नाही. चूक झाली की अपडेट येतं, मोठी चूक झाली की नवी आवृत्ती येते. मी बाहेरच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला आणि चारच्या पुढे एक टिंब आणि एक शून्य लावलं आणि तेच सगळ्या संस्थांना पाठवून दिलं. चार आणि चार पूर्णांक शून्य यांत पैचा फरक नाही, पण संगणकाला तेवढ्याने कळतं, की हा दशांशवाला आहे, याच्यासोबत आलेल्या पाऊणला आत घ्यायचं. एक टिंब, एक शून्य. आत्तीची अकरा वर्षं त्या दोन खुणांवर लटकत होती.

आत जाऊन सेक्रेटरींना म्हटलं, “थोडं अपडेट होतं, टाकलंय.” ते म्हणाले, “बरं झालं, जरा हळूच चालत हुतं.” रांगेतलं कुणी काही विचारलं नाही. आत्ती दाराशी उभी होती, तिला मी म्हटलं, “उद्यापासून नाव लागणार नाही.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मिटलं.

सोमवारी फळ्यावर तिचं नाव नव्हतं. मंगळवारी नव्हतं. आठवडाभर नव्हतं. पुढच्या शनिवारी मी पेढे घेऊन गावी गेले. एसटीतून उतरते तोच, संस्थेसमोरच्या टपरीवर बसलेल्या एकाने दुसऱ्याला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं. “सून येऊन दम भरून गेली. तवापासनं म्हातारीचं पाणी बंद झालं बघ.”

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तिथंच उभी राहिले. माझी चूक होती तोवर निदान संशय होता. मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि संशयाचा पुरावा झाला. आता आत्ती अशी बाई होती, जिने आधी पाणी घातलं आणि सुनेच्या धाकाने बंद केलं. गडू दुसऱ्या घरचा होता तो दुसऱ्या घरचाच राहणार होता. आणि हे सगळं करून मी पेढे घेऊन आले होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही वाटलेली नाही.

घरी आत्तीने पुडा हातात घेतला, उघडला नाही, फडताळात ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. सत्तावीस, चार, सहा, पाऊण. तिने ऐकून घेतलं.

“म्हंजे चूक कंप्युटरची.”

“नाही, आत्ती. माझी.”

“मग त्ये मला कशाला सांगतीस?” ती म्हणाली. “मला ठावं हुतं की.”

रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर संस्थेत गेले. रांग लागली होती, आबाही त्यांची किटली घेऊन रांगेत होते. फळ्यावर ‘पाणी’ या शब्दाखाली दोन नावं होती, तेच दोघे पिढीजात. मी सेक्रेटरींकडे खडू मागितला. ते दबक्या आवाजात म्हणाले, “वैनी, तुमच्या सायबांचा फोन आलता. काय इचारलं तर अपडेट म्हणून सांगा म्हणालं.” मी खडू त्यांच्या टेबलावरून स्वतःच उचलला. सोमवारी साहेब मला काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागेल.

मी त्या दोन नावांच्या खाली माझं नाव लिहिलं. पहिलं माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आणि पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मागच्या आठवड्यात तीन बायकांची नावं लागली. दूध चोख होतं. भागाकार खोटा होता, तो मी केला.’ मग वळून रांगेला हेच मोठ्याने सांगितलं, कारण फळा वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त असतात. कुणीतरी हसलं. मागून एक बाई, तीन नावांतल्या एकीची जाऊ असावी, ओरडली, “मग आठ दिस काय दातखिळी बसलती व्हय?” मी म्हटलं, “व्हय.”

आबा रांगेतून बाहेर आले. किटली खाली ठेवून त्यांनी आत्तीकडे बघितलं आणि घसा खाकरला. “मग... गडू घ्यायला येऊ न्हवं?”

“या की,” आत्ती म्हणाली. “पर आधी कासंडी उलटी करून बघा. आमच्या सूनबाईंस्नी दावली तशी.”

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. तो टोला मला बसायलाच हवा होता आणि बसला.

आत्ती मात्र हसली नाही. ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. चौथी शिकलेली बाई, एकेक अक्षरावर बोट धरून तिने माझं नाव वाचलं, मुलाचं वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. तिथे बोट थांबलं.

“आडनाव पूस,” ती म्हणाली. “त्ये माझं हाय.”

मी ओढणीच्या टोकाने आडनाव पुसलं. नाव तेवढं राहू दिलं, आणि त्याला तिने हरकत घेतली नाही.